धंतोलीत, पाचव्या वर्षी

डॉक्टर पांढरीपांड्यांच्या दवाखान्यातली पोरगी
फॉर्म पुढं करते.
छातीतली जळजळ, शून्य ते पाच.
झोप, शून्य ते पाच.
ऑपरेशनबद्दल समाधानी आहात का? हो / नाही.

पोरी, पेन ठेव जरा.
अठ्ठावीस वर्षं मी एसटीत तिकिटं फाडली.
हो-नाहीवर कोणाचं भागत नाही,
सुटे द्यावे लागतात.

गणेशपेठ ते उमरेड, उमरेड ते गणेशपेठ.
डबा कधी अकराला, कधी चारला,
आणि पोट म्हणजे दाराची कडी तुटलेली गाडी :
सांबारवडी, चहा, आदल्या रात्रीचा रस्सा,
उतरलेले सगळे परत चढायचे
आणि घशाशी येऊन उभे.
पहाटे तोंडात कडू घोट, मग खोकला,
मग शेजारच्या निमजेबाई भिंत वाजवायच्या.

गुणवंतानं पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
दोन दोन विटा घातल्या.
अकरा वर्षं आम्ही उतारावर झोपलो.
सकाळी दोघंही पायथ्याशी गोळा,
चादर तर खाली फरशीवरच.
संसार कशावर टिकला, कोणी विचारलं
तर मी पायथ्याची फळी दाखवीन.

आणि नागपुरात राहून
अकरा वर्षं संत्र्याला हात नाही.
काटोलहून दीर पेटी पाठवायचा,
मी सोलून द्यायची, बोटं हुंगायची.

मग नाकातून तार घातली, चोवीस तासांची.
तशीच ड्यूटीवर गेले.
पाचगावला चढलेला म्हातारा म्हणे,
‘बाई, हे तिकिटाचं नवीन मशीन काय?’
हाव, म्हटलं, आतल्या प्रवाशांचं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं.
जठराचा वरचा काठ घ्यायचा,
अन्ननळीभोवती गुंडाळायचा,
जानेवारीत पहिल्या गाडीला मफलर गुंडाळतो तसा.
सैल राहिला तर उपयोग नाही,
आवळला तर घास अडतो.
‘बहुतेकांना बरं वाटतं,’ म्हणाले,
‘काहींच्या गोळ्या परत सुरू होतात.
तुमचं काय होईल, ते आज सांगता येत नाही.’
त्या शेवटच्या वाक्यावर मी सही केली.

पोटावर पाच छिद्रं.
तीन आठवडे पेज, मुगाचं पाणी.
पहिल्या पोळीचा घास छातीच्या मधोमध थांबला,
मी ओट्याला धरून उभी,
गुणवंत पाण्याचा पेला घेऊन उभा,
तो उतरेपर्यंत दोघंही बोललो नाही.

तर लिही.
जळजळ : शून्य. नाही, थांब, एक लिही,
गेल्या पोळ्यापासून एक गोळी परत आलीय,
कधीमधी, रात्रीची.
ढेकर : रकाना नाही? मग काढ.
पाच वर्षांत एक ढेकर आला नाही.
भाचीच्या पंगतीत सगळे तृप्त, मोठ्यानं,
मी पोटाचा नगारा घेऊन गप्प,
व्याह्यांना वाटलं, बाई रुसली.
वारा खालच्या दारानं जातो आता,
भजनाला मी दाराजवळ बसते.
आणि एकदा श्रीखंड नासकं निघालं.
घरातले ओकून मोकळे झाले,
मला उमासे आले फक्त, उजाडेपर्यंत.
हे आधी सांगितलं होतं त्यांनी.
सांगितलेलं आणि झालेलं
सारखं नसतं, बाप्पा.

संत्रं : दोन फोडी, दुपारी, उन्हात बसून.
हे शून्य ते पाचमध्ये मावणार नाही.

झोप विचारलीस ना?
दवाखान्यातून आले त्याच रात्री
विटा काढल्या, पलंग सपाट.
मी लाकडासारखी झोपले.
गुणवंत मात्र जागा.
म्हणे, डोक्याकडून घसरल्यासारखं वाटते.
तिसऱ्या रात्री पलंग हलला,
बघते तर पलंगाखाली वाकलाय,
माझ्या बाजूला काही नाही,
त्याच्या बाजूच्या पायाखाली एक वीट.
तेव्हापासून पलंग तिरपा आहे,
मी त्याच्याकडून घरंगळत माझ्या कडेला येते
आणि तो मागोमाग.

समाधानी : हो वर खूण कर.
आणि शेजारी, बारीक अक्षरात,
एक वीट.